खऱ्या माणसांवर सिनेमे काढणाऱ्यांना, कोल्हापुरातनं एक खुलं पत्र

प्रति,
खऱ्या माणसांच्या आयुष्यावर सिनेमे आणि सिरीज काढणारे सगळे लेखक, दिग्दर्शक, निर्माते यांना,

कोल्हापुरातनं नमस्कार.

मी लग्नाचे, साखरपुड्याचे, जावळाचे व्हिडिओ शूट करतो आणि रात्री बसून एडिट करतो, गेली चौदा वर्षं हाच धंदा आहे. त्यामुळं कापल्याशिवाय काही बनत नाही हे मला माहितीय. दोन दिवसांचं लग्न मी वीस मिनिटांत बसवतो, रुसून बसलेले मामा काढतो, आईचं रडणं ठेवतो, हळद संध्याकाळची असली तरी गाण्यात बसत असेल तर आधी टाकतो, आणि कुणाची तक्रार येत नाही कारण बघताना ते लग्न त्यांचंच वाटतं. पण रुसलेला मामा काढून टाकणं वेगळं आणि हसतखेळत वाढायला उभ्या राहिलेल्या मामाला रुसलेला दाखवणं वेगळं. माझं तुमच्याशी भांडण ह्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, आणि ते आमच्या घरात घडलंय म्हणून लिहितोय.

आमचे आजोबा वस्ताद होते. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग ही नावं तुम्हाला माहिती असतील, आमची तालीम तसली मोठी नव्हे. पेठेतल्या गल्लीत कौलारू छप्पर, आत एक हौदा, कोपऱ्यात मारुती, भिंतीला शाहू महाराजांचा फोटो आणि बारा-पंधरा पोरं, एवढीच. आजोबा पहाटे चारला तिथं असायचे. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद किती पडायला पाहिजे हे ते हाताला लागणाऱ्या मातीवरनं सांगायचे, आणि पोरं जोर-बैठका मारताना स्वतः कडेला उभं राहून मोजायचे, बसून मोजलेलं कुणी बघितलं नाही. ते स्वतः मोठे पैलवान झाले नाहीत. खासबागेच्या कुस्ती मैदानात दोनदा लढले, एक हरले, एक बरोबरीत सुटली. पण त्यांच्या हाताखालची पोरं चमकली, त्यातला एक जण तर लई मोठा झाला, आणि तुमच्यातल्या काही जणांनी त्याच्यावर सिनेमा काढला. सिनेमाचं आणि माणसांची नावं मी घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आजोबांची एक वही होती. लाल कापडी पाठीची, लांबट, दुकानदाराच्या खातेवहीसारखी. तिच्यात डाव-पेच काही नव्हते, खुराकाचा हिशोब होता. कुणाला किती शेर दूध, किती बदाम, तूप किती, कुणाच्या घरातनं पैसे आले, कुणाच्या आले नाहीत. ज्याचे आले नाहीत त्याच्या नावापुढं आजोबा एक बारका टिंब द्यायचे. आजी म्हणते ते टिंबाचे पैसे म्हशीच्या दुधातनं भागायचे, म्हणजे घरात दोन वेळचा चहा कोरा व्हायचा आणि तालमीतल्या पोराला दूध जायचं. प्रत्येक पोराला चार-पाच पानं दिलेली, ज्यानं तालीम मधेच सोडली त्याची उरलेली पानं तशीच कोरी. आजोबांनी ती कोरी पानं दुसऱ्याला कधी दिली नाहीत, पोरगं परत येईल म्हणून.

तुमची माणसं आली तेव्हा आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. चार जण होते, चांगली पोरं होती, खोटं कशाला बोलू. दोन दिवस आमच्या घरात जेवली, आजीनं तांबडा-पांढरा केला, त्यांनी तिच्या पाया पडून फोटो काढले. आजीनं सगळं सांगितलं, लग्न झाल्यापासनंचं. आजोबांचा फेटा, काठी, ती वही, सगळं बाहेर काढून दाखवलं. जाताना म्हणाले वही जरा घेऊन जातो, आर्ट डिपार्टमेंटला रेफरन्स पाहिजे, महिन्याभरात परत देतो. आजीनं माझ्याकडं बघितलं आणि मी हो म्हणालो. मी म्हणालो हो, हे मी विसरत नाही. धंद्यातली माणसं आहेत, आपल्यासारखीच कॅमेऱ्यावर पोट असलेली, असं वाटलं.

सिनेमा आला तेव्हा आम्ही घरातले नऊ जण गेलो. आजी शेवटचं थेटरात कधी गेली होती ते तिलाच आठवत नव्हतं. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसली. पडद्यावर वस्ताद आला, नावात एक अक्षर बदललेलं, बाकी तोच फेटा, तीच काठी, डाव्या पायानं जरा ओढत चालणं सुद्धा तेच, ते आजीनंच सांगितलेलं. हा वस्ताद खुर्चीवर बसून होता. पोरांना शिव्या देत होता. रात्री दारू पीत होता. आणि नायक मोठ्या मैदानात ती एक महत्त्वाची कुस्ती हरतो ती का हरतो, तर ह्या वस्तादानं समोरच्या पार्टीकडनं पैसे घेऊन थंडाईत काहीतरी मिसळलेलं असतं. आणि ते पैसे तो कुठं लिहून ठेवतो? लाल कापडी पाठीच्या लांबट वहीत. वहीचा क्लोजअप होता. मी एडिटर आहे, मी तो शॉट सेकंदात मोजला, साडेचार सेकंद.

इंटरव्हलला लाइट लागले तेव्हा आजीनं विचारलं, "ह्यो कोण म्हणायचा?"
मी म्हटलं, "आजी, आजोबांना दाखवलंय."
ती म्हणाली, "न्हाई. आमचं मालक तालमीत कधी खुर्चीवर बसलं न्हाईत."
एवढंच. दारूबद्दल नाही, पैशाबद्दल नाही, खुर्चीबद्दल बोलली. मग म्हणाली चला घरी, म्हशीची धार काढायची वेळ झाली. आमच्याकडं म्हैस विकून बरीच वर्षं झालीत.

खरं काय झालं होतं ते गल्लीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला माहिती आहे. त्या कुस्तीच्या आधी चार दिवस पठ्ठ्याला ताप होता. आजोबा म्हणत होते जोड रद्द करा, मी जाऊन कमिटीचे पाय धरतो. पठ्ठा ऐकेना, पोस्टर लागलेत, लोक काय म्हणतील. गेला, लढला, हरला. आजोबा त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आले. आता मला सांगा, ह्यात काय कमी होतं? तरणंताठं पोरगं आणि म्हातारा वस्ताद, दोघांचंही एकमेकांवर प्रेम, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, आणि तरी हार. ह्याच्यापेक्षा मोठा सीन कुणी बसून लिहून दाखवावा. पण तुम्हाला नायकाची हार नायकाच्या पदरात घालायची नव्हती. कुणाच्या तरी पदरात घालायची होती, आणि जो मेलाय, ज्याची पोरंबाळं लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरतात, त्याचा पदर सोयीचा पडला.

सिनेमातला नायक म्हणजे आम्ही ज्यांना अण्णा म्हणतो ते आजही आहेत, दुसऱ्या गावी असतात. सिनेमानंतर पंधरा दिवसांनी आले. आजीच्या समोर खाली बसले, एवढा मोठा माणूस, गुडघे दुखतात तरी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "काकी, मी असं सांगितलं न्हवतं." त्यांनी कागदावर सही केली होती, पैसे घेतले होते, आणि कागद इंग्रजीत होता. स्क्रिप्ट त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती. तापाचं त्यांनी सांगितलं होतं, टेप लावून सांगितलं होतं, लिहून घेणारा पोरगा डोळे पुसत होता म्हणाले. म्हणजे खरं काय ते तुम्हाला माहिती होतं. न कळून झालेली चूक असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल सिनेमाच्या सुरुवातीला पाटी असते ना, घटना आणि पात्रं काल्पनिक, साम्य आढळल्यास योगायोग. मी त्या पाटीच्या मागं लागून बरंच वाचलं, रात्री कॉम्प्युटरवर व्हिडिओचा रेंडर लागलेला असतो तेव्हा वाचायला वेळच वेळ असतो. ती पाटी रुळली कशी माहितीय? १९३२ साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीनं रशियाच्या राजघराण्यात वजन असलेल्या रास्पुतिन नावाच्या साधूवर सिनेमा काढला. रास्पुतिनला मारणाऱ्यातले प्रिन्स युसुपोव आणि त्यांची बायको इरिना तेव्हा जिवंत होते, देश सोडून परदेशात राहात होते. सिनेमात राजकन्येचं नाव नताशा केलं होतं, पण ती म्हणजे इरिनाच हे कुणालाही कळत होतं, आणि तिची अब्रू रास्पुतिननं घेतली असं दाखवलं होतं, जे घडलंच नव्हतं. इरिना लंडनच्या कोर्टात गेली आणि १९३४ ला जिंकली, २५,००० पौंड भरपाई मिळाली, त्या काळातले. वरनं त्या सिनेमाच्या सुरुवातीला यातली काही पात्रं अजून जिवंत आहेत असं अभिमानानं लिहिलं होतं, ते कंपनीच्याच अंगाशी आलं. तिथनं पुढं सगळे ही पाटी लावायला लागले. म्हणजे एका बाईवर झालेल्या अन्यायातनं ही पाटी आली, आणि आज तीच पाटी पुढं धरून तसलाच अन्याय करता येतो. तुमच्या सिनेमात तर दोन पाट्या होत्या, पहिली "सत्य घटनेवर आधारित", जाड अक्षरात, संगीत लावून, आणि दुसरी काल्पनिकवाली, बारीक अक्षरात, वाचून होईपर्यंत गेली. आजीला वाचता येत नाही, तिला दोन्ही सारख्याच.

वकिलाकडं पण गेलो. आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, मुंबईची चक्कर वाचली, म्हणून जरा धीर होता. वकील शांतपणे बोलले. मेलेल्या माणसाची सुद्धा बदनामी होऊ शकते, जुन्या आयपीसीत ४९९ होतं, आता न्याय संहितेत ३५६, पण त्यात घरच्यांच्या भावना दुखावण्याचाच हेतू होता असं दिसावं लागतं. तुमचा हेतू आम्हाला दुखवायचा नव्हताच, तुम्हाला आमची आठवण सुद्धा नव्हती, इथंच ते कलम संपलं. सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा एक निकाल आहे, त्यात म्हटलंय की सार्वजनिक रेकॉर्डवर जे आहे ते न विचारता छापता येतं, त्याच्या पलीकडं माणसाच्या खाजगी आयुष्यात शिरायचं तर संमती पाहिजे. मी वकिलांना विचारलं आजोबांचं सार्वजनिक रेकॉर्ड काय? पेपरात त्यांचं नाव दोनदा आलं असेल, निकालाच्या ओळीत, बारीक अक्षरात. त्यांचं रेकॉर्ड म्हणजे ती वही होती, आणि ती तुमच्याकडं होती.

असं कुणी फक्त आमच्याच बाबतीत केलंय असं नाही, आणि छोट्याच लोकांनी केलंय असंही नाही. फोगट बहिणींच्या कुस्तीवरचा दंगल सिनेमा आम्ही कोल्हापूरकरांनी डोक्यावर घेतला, मी स्वतः तीनदा बघितला, कुस्ती इतकी चांगली कुणी शूट केली नव्हती. पण २०१० च्या दिल्लीतल्या कॉमनवेल्थची गीता फोगटची फायनल बघा, ५५ किलोची, तिनं ती एकतर्फी मारली होती. सिनेमात शेवटच्या सेकंदापर्यंत ताणली, ते एक वेळ समजू शकतो, माझ्या धंद्यात पण वरमाला तीन अँगलनी स्लो करतोच की. पण वडिलांना खोलीत कोंडून ठेवलं ते? तसं काही झालंच नव्हतं, वडील स्टेडियममध्ये बसून मॅच बघत होते. आणि कोच? नाव बदलून कदम केलं, पण २०१० ला भारताच्या पोरींचा कोच कोण होता हे शोधायला किती वेळ लागतो? जागाच एक आहे, तिच्यावर बसलेला माणूस एक आहे, नाव बदलून काय उपयोग. त्या खऱ्या कोचनी तेव्हा नाराजी बोलून दाखवली होती, दोन दिवस बातमी आली आणि गेली. सिनेमा अजून दर रविवारी टीव्हीवर लागतो.

उलट उदाहरण पण आहे आणि ते मला सगळ्यात जास्त धरून ठेवतंय. टायटॅनिकवरचा १९९७ चा सिनेमा. जहाजावर विल्यम मर्डोक नावाचा फर्स्ट ऑफिसर होता, स्कॉटलंडमधल्या डॅलबीटी ह्या बारक्या गावचा. सिनेमात त्याच्या खिशात लाच कोंबतात, मग तो प्रवाशांवर गोळी झाडतो आणि नंतर स्वतःला मारून घेतो. त्यानं असं केलं ह्याला पक्का पुरावा नाही. गावानं मात्र त्याला बोटी खाली सोडून लोकांना वाचवणारा म्हणून जपलंय, शाळेत त्याच्या नावानं बक्षीस आहे. गावानं आणि घरच्यांनी आवाज उठवला, आणि १९९८ मध्ये स्टुडिओचा मोठा अधिकारी स्वतः त्या गावात गेला, माफी मागितली, शाळेच्या त्या बक्षिसासाठी ५,००० पौंड दिले. माणूस बुडून ८६ वर्षं झाली होती. पैसे किती होते ते सोडा, एवढ्या मोठ्या कंपनीच्या हिशोबात ती रक्कम काहीच नाही. पण माणूस गेला. लोकांसमोर उभा राहिला, बोलला. आमच्या गल्लीत यायला पुण्यातनं चार-पाच तास लागतात.

मला सगळ्यात वाईट कशाचं वाटतं सांगू का, हे आमच्या गावाशी व्हावं. सिनेमा इथं काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. बाबुराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा जुळवून १९२० ला सैरंध्री सिनेमा काढला तो इथं. सावकारी पाश १९२५ चा, जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा, त्यात एकाही खऱ्या माणसाचं नाव नाही आणि तरी प्रत्येक गावात लोकांना आपला सावकार दिसला असेल. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं सुरू झाली आणि नंतर पुण्याला गेली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा केलाय आम्ही, देवळासारखा. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ ला जाळला गेला आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला. ज्या गावात सिनेमासाठी माणसं अशी उभी राहिली त्या गावातल्या बाईनं सिनेमावाल्यांना जेवायला वाढलं तर त्यात तिचं काय चुकलं?

आणि इथल्याच मातीतल्या माणसांनी खऱ्या माणसावरचा सिनेमा कसा करायचा ते दाखवून दिलंय. दामले आणि फत्तेलाल दोघंही बाबुरावांच्या हाताखाली तयार झाले, त्यांनी १९३६ ला संत तुकाराम केला, पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याचं कौतुक झालं. त्यातली तुकोबांची बायको आवली आठवा. गौरीबाईंनी केलेली. ती भांडते, ओरडते, पोरगं आजारी पडल्यावर देवळात जाऊन विठोबाला फैलावर घेते. आता तुम्ही असता तर तिला कजाग बायको करून सोडून दिली असती, संताच्या वाटेतला काटा. त्यांनी तसं केलं नाही. तिच्या भांडण्यामागं उपाशी पोरं दिसतात, म्हैस दिसते, तिचं तुकोबावरचं प्रेम दिसतं, आणि शेवटी वैकुंठाला चल म्हटलं तरी ती संसार सोडून निघत नाही. सिनेमा बघून घरी आल्यावर तुकोबांइतकीच ती आठवते. तिच्यावर अन्याय करूनही तुकाराम मोठा दाखवता आला असता, तिला पूर्ण माणूस ठेवून तो आणखी मोठा झाला. आजी हा सिनेमा तिच्या लहानपणी जत्रेत तंबूत बघितल्याचं सांगते. "आवली आमच्या आईसारखी हुती" म्हणते.

आमच्या भानू अथैया, गांधी सिनेमाच्या कपड्यांसाठी १९८३ ला ऑस्कर घेणाऱ्या, त्या कोल्हापूरच्याच. त्या सिनेमाच्या सुरुवातीलाच कबुली दिलीय, एका माणसाचं आयुष्य एका सांगण्यात मावत नाही, प्रत्येक वर्षाला त्याच्या मापानं जागा देता येत नाही, फार तर नोंदीच्या आत्म्याशी इमान ठेवता येतं. मला हे पटतं. सगळं दाखवा असं मी म्हणतच नाही. आजोबांना काढून टाकलं असतं, वस्तादच दाखवला नसता, तरी मी काही बोललो नसतो, खरंच नसतो बोललो. इमान ठेवा एवढंच.

आणि खाशाबा. खाशाबा जाधवांवर कुणीही कधीही सिनेमा काढो, मला आत्तापासनंच धास्ती आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस, शिकायला राजाराम कॉलेजात, १९४८ ला लंडन ऑलिंपिकला कुस्ती खेळायला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, सहावा आला. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. ब्राँझ घेऊन आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, १५१ होत्या म्हणतात, आणि खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं घेऊन प्राचार्यांचे पैसे फेडले. ही गोष्ट एकट्या माणसाची नाहीच. घर गहाण टाकताना प्राचार्यांच्या घरातली बाई काय म्हणाली असेल? वर्गणीत चार आणे टाकणारा कोण असेल? तुमचा साचा काढला तर ह्यातल्या कुणाला तरी व्हिलन करावं लागेल, एखादा मास्तर, एखादा क्लार्क, एखादा भाऊ, ज्याचं नाव कुठं छापलेलं नाही आणि ज्याची नातवंडं आज कराडला नाहीतर कोल्हापुरात राहतात. हेलसिंकीला एका कुस्तीनंतर लगेच दुसरीला उतरवलं, मधली विश्रांती मागायला आपला कुणी अधिकारी जागेवर नव्हता असं सांगतात. तो राग खरा आहे, तो दाखवा. ज्यांच्यावर जबाबदारी होती आणि ज्यांनी ती टाळली त्यांना दाखवा, नावानिशी दाखवा, कागद घेऊन दाखवा. मी लपवाछपवीच्या बाजूचा नाही. घरच्यांना विचारायचं म्हणजे घरच्यांच्या तालावर आरती करायची असंही नाही, तसले गोडगोड सिनेमे पण बघितलेत, तेही खोटेच.

मग मागणं काय आहे माझं. माणसानं न केलेलं पाप त्याच्या नावावर घालायचं असेल तर त्याचा फेटा, काठी, चालणं, तालीम काहीच घेऊ नका, पूर्ण नवा माणूस तयार करा, तेवढी कल्पनाशक्ती तुमच्याकडं आहे. ज्याचं खरं घेताय त्याच्या घरी शूटिंगच्या आधी एकदा बसून तेवढे सीन वाचून दाखवा, मराठीत वाचा, ज्याला वाचता येत नाही त्याला पण ऐकू येतं. सह्या घ्यायचे कागद मराठीत करा. आणि सिनेमा संपल्यावर नावं जातात तिथं दोन ओळी लिहा की ही ही गोष्ट आम्ही रचलेली आहे, ह्या खऱ्या माणसानं तसं केलं नव्हतं. ड्रायव्हरपासनं चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं जातात त्या यादीत, ते चांगलंच आहे, त्यात ह्या दोन ओळींना जागा नाही असं होणार नाही.

नागपंचमीला तालमीत पूजा असते. ह्या वर्षी नवीन आलेलं एक दहा वर्षांचं पोरगं आजोबांच्या फोटोपुढं उभं होतं, मी हार घालत होतो, त्यानं मला विचारलं, "ह्योच का त्यो, थंडाईवाला?" पोराला काही वाईट म्हणायचं नव्हतं, त्याला भारी वाटत होतं, सिनेमातला माणूस आपल्या तालमीतला म्हणून. मी त्याला जवळ बसवून तापाची गोष्ट सांगितली. ऐकलं त्यानं, आणि मग म्हणाला, "पण वहीत लिहिलंय की."

वहीबद्दल सांगायचं राहिलंच. महिन्याभरासाठी नेलेली वही आठ महिन्यांनी कुरिअरनं आली. मी उघडली तर आजोबांची कोरी पानं, तालीम सोडून गेलेल्या पोरांसाठी राखलेली, भरलेली होती. क्लोजअपसाठी तुमच्या कुणीतरी त्यांच्याच अक्षरात नोंदी केल्यात. अक्षर इतकं हुबेहूब काढलंय की बघणाऱ्यानं कौतुक करावं, र ची शेपटी सुद्धा आजोबांसारखी. शाई पण जुनी वाटेल अशी केलीय. थंडाईच्या पैशाचं पान मला ओळखता आलं, ते सिनेमात होतं. पण आणखी बरीच आहेत. एका ठिकाणी एक नाव आहे आणि पुढं "५०० दिले" एवढंच. आजोबांनी कुणाला तरी अडीअडचणीला दिले असतील, असा त्यांचा स्वभाव होता. नाहीतर तुम्ही लिहिलं असेल. एका पोराच्या नावापुढं टिंब आहे, तो टिंब आजोबांचा का तुमचा ते कळत नाही. मी भिंग घेऊन बसलो, स्कॅन करून स्क्रीनवर मोठं करून बघितलं, नाही कळत.

आजी आता चौऱ्याऐंशीची आहे. अधूनमधून दुपारी म्हणते वही वाचून दाखव, कुणाकुणाला दूध दिलं ते. मी वाचतो, आणि ज्या पानाची खात्री नाही ते पान उलटतो. परवा ती म्हणाली, "एवढीच पोरं हुती व्हय? मला वाटलं लई हुती."

ज्या माणसानं ती पानं लिहिली त्याला मी दोष देत नाही, त्याला सांगितलं असेल, त्यानं काम केलं. तो हे वाचत असेल किंवा कुणी त्याला ओळखत असेल तर एवढा निरोप द्या. मी वहीच्या प्रत्येक पानाला पेन्सिलीनं नंबर घातलेत, एकूण २१२ पानं आहेत, सगळ्यांचे फोटो मी पाठवायला तयार आहे. त्यातली कुठली तुम्ही लिहिली ते फक्त लिहून कळवा.

आपला,
एका वस्तादाचा नातू
कोल्हापूर